न लिहिलेल्या सीनचं बक्षीस

पटकथेचं बक्षीस मला आयुष्यात एकदाच मिळालं, आणि ज्या सीनबद्दल ते मिळालं तो मी लिहिला नव्हता. म्हणजे लिहिला, पण टीव्हीवर दिसून गेल्यानंतर. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी विनय दाखवतेय. मी विनयाबद्दल प्रसिद्ध नाही, हे माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे मान्य आहे.

पुण्याहून मी दिल्लीला आले ती हिंदीत एम.ए. करायला. मुलगी एवढ्या लांब जाते याचं आमच्याकडे कुणाला काही वाटलं नाही. हिंदी मुद्दाम शिकायची असते, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. मुनिरक्यात एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. खाली घरमालकाच्या म्हशी, वर आम्ही. पुढे लग्न झालं. नवरा एका परदेशी कंपनीत होता आणि कंपनी गुडगावला होती, म्हणून आम्ही घर नोएडाला घेतलं. गुडगाव दिल्लीच्या एका अंगाला, नोएडा दुसऱ्या अंगाला, मध्ये अख्खी दिल्ली. पण तेव्हा जो तो सांगत होता की मोठमोठे रस्ते होणार आहेत, आणि माझ्या नवऱ्याचा अशा बोलण्यावर चटकन विश्वास बसतो. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट नव्हती. पाणी टँकरनं यायचं. केबल मात्र पहिल्या दिवसापासून होती.

मला काम मिळालं ते त्या केबलमुळे. खासगी वाहिन्या नव्यानं आल्या होत्या आणि त्यांना दुपारच्या वेळेत दाखवायला काहीतरी रोज हवं होतं. नोएडात स्टुडिओ उभे राहत होते. बाहेर शेतं, आत प्लायवूडच्या हवेल्या. आमच्या निर्मात्यांचं आधी करोल बागेत साड्यांचं दुकान होतं. दोन्ही धंद्यांत गिऱ्हाईक बाईच असतं, त्यामुळे फारसं काही नवीन शिकावं लागलं नाही, असं ते सांगायचे. दिग्दर्शनही तेच करायचे, कारण दिग्दर्शक ठेवला की तो प्रश्न विचारतो.

मालिका एका मोठ्या घराची होती. आजोबा, आजी, तीन मुलगे, तीन सुना आणि एक वाईट नणंद. मालिकेचं लेखन कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. मी सकाळी स्टुडिओत पोचायची आणि मेकअपच्या खोलीत एका कोपऱ्यात बसायची. मग निर्माते येऊन आज कोण कोण आलंय ते सांगायचे. जे आलेत त्यांच्यात भांडण लावायचं, जो आला नाही त्याच्याबद्दल संशय घ्यायचा, असा साधारण प्रकार. मी कार्बन घालून पान लिहायची, पान लगेच सेटवर जायचं, नट ते एकदा वाचायचे आणि कॅमेरा सुरू व्हायचा. सीन झाला की पानाचं आयुष्य संपलं. मग त्यावर चहाचे ग्लास ठेवत, त्यात समोसे बांधत, सुना त्यानं लिपस्टिक पुसत. माझी कितीतरी पानं मी दुसऱ्यांदा वाचली ती तेलाच्या डागांमधून. मला त्याचं दुःख नव्हतं. समोसे बरे असायचे.

आजोबांचं काम करणारे गृहस्थ मराठी होते. सगळी मालिका त्यांना दादाजी म्हणायची, मी काका म्हणायची. एका मंत्रालयात आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. नोकरीच्या काळात दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दरवर्षी नाटक, आणि प्रत्येक नाटकात हे. निवृत्तीनंतर पटपडगंजच्या एका सोसायटीत फ्लॅट घेऊन ते आणि काकू राहत होते. मुलगा परदेशी. ताठ कणा, पांढरे केस आणि सरकारी शुद्ध हिंदी, एवढ्या भांडवलावर त्यांना आजोबांची कामं मिळायला लागली, आणि ती ते झोकात करायचे. सेटवर मराठी आम्ही दोघंच. आम्ही मराठीत बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं त्यांच्याविषयी बोलतोय. ते बरोबर होतं.

दुपारी ते डबा उघडायचे आणि त्यातलं थोडं माझ्या झाकणात घालायचे. काकूंनी माझ्यासाठी म्हणून थोडं जास्त दिलेलं असायचं. कधी वालाची उसळ, कधी नुसती कोथिंबीर वडी. मुनिरक्यातले दिवस आठवून सांगते, दिल्लीत कुणी आपल्याला कोथिंबीर वडी देतंय आणि बदल्यात काही मागत नाहीये, ही फार मोठी गोष्ट असते.

काकांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मालिकेत सगळेच विसरायचे. एक सून तर दर भागात आपल्या नवऱ्याचं नाव चुकायची. पण काकांचा लौकिक वेगळा होता. त्यांना एकदा वाचलं की पाठ. तेच काका आता एका वाक्यासाठी पाच-सहा वेळा थांबायला लागले. मी त्यांची वाक्यं लहान केली. मग आणखी लहान केली. मग मी कॅमेऱ्यामागे उभी राहून वाक्य हळूच सांगायला लागले आणि ते मागोमाग म्हणायचे. एकदा डबा खाताना त्यांनी मला विचारलं, आपण काय करता? मी म्हटलं, काका, मी लिहिते. ते म्हणाले, वा, छान. आणि मला वडी दिली.

निर्मात्यांना वेळ वाया गेलेला चालत नसे. मालिकेतून म्हाताऱ्या माणसाला काढायचे दोन मार्ग असतात. एक हार्ट अटॅक, पण त्याला हॉस्पिटलचा सेट लागतो. दुसरा तीर्थयात्रा. तीर्थयात्रेला काहीच लागत नाही. माणूस दारातून बॅग घेऊन बाहेर जातो आणि परत येत नाही, विषय संपला. निर्माते माझ्या कोपऱ्यात आले आणि म्हणाले, "दादाजी को चार धाम भेज दो।" मी म्हटलं, सध्या घर विकण्याचं कथानक चालू आहे, घराचे मालक दादाजी आहेत, ते गेले तर सही कोण करणार. निर्मात्यांना हे पटलं. म्हणाले, ठीक है, सही करवा लो, फिर भेज दो.

त्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काकूंना मी तोवर दोनतीनदाच भेटले होते. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग नवऱ्याच्या, मग म्हणाल्या की यांच्याबद्दल कानावर आलंय, खरं आहे का? काकांना न्यायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडून त्यांना कळलं होतं. ड्रायव्हरला सगळं आधी कळतं. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. तेव्हा त्या सावकाश, एकेक गोष्ट नीट मांडत बोलल्या. ज्या दिवशी शूटिंगची गाडी येते त्या दिवशी काका ठीक असतात. पहाटे उठून दाढी करतात, बूट पुसतात, आज वार कोणता ते त्यांना माहीत असतं. सुट्टीच्या दिवशी ते दारात उभे राहतात आणि गाडी कधी येणार असं विचारत राहतात. आणि हल्ली मधूनच बायकोला अहो-जाहो करतात. "आयुष्यभर अगं-तुगं केलं," काकू म्हणाल्या, "आता विचारतात, बाई, आपण जेवलात का? पैशाचं काही नाही गं. पेन्शन आहे. पण त्यांना घरी बसवू नका. घरी बसले की ते जातील."

मी बघते म्हटलं. फोन ठेवला आणि मला रडू आलं, आणि मग निर्मात्यांचा राग आला, आणि मग दोन्हीचा काही उपयोग नाही हे लक्षात आलं. माझ्या हातात होतं ते एवढंच, की काकांची सही जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची. मी घर विकण्याच्या कथानकात दोन वकील आणि एक हरवलेलं मृत्युपत्र घातलं.

पण शेवटी सहीचा दिवस आलाच. सीन असा होता. मोठा मुलगा म्हणतो, बाबूजी, हे जुनं घर विकून गुडगावला नवा फ्लॅट घेऊ. त्यावर दादाजींचं एक पानभर भाषण. ते भाषण मीच लिहिलं होतं आणि ते भयंकर होतं. त्यात वटवृक्ष होता, मुळं होती, विटांमध्ये मिसळलेला घाम होता. भाषण लांब नको म्हणून मी भांडले होते, पण निर्माते म्हणाले की जाणाऱ्या माणसाला भाषण दिलंच पाहिजे. त्यांचा हा शिष्टाचार होता. मला कॅमेऱ्यामागून वाक्यं सांगता आली नाहीत, कारण सगळी खोली दिसावी म्हणून कॅमेरा पार लांब नेला होता.

कॅमेरा सुरू झाला. मुलगा आपलं वाक्य बोलला. काका खुर्चीतून उठले, तोंड उघडलं, आणि काही नाही. ते मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतींकडे बघितलं, छताकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. मग पुढे होऊन त्यांनी मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे त्या नटानं फॅशन म्हणून उघडं ठेवलेलं असायचं. आणि सही न करता ते चुकीच्या दारातून निघून गेले. ते दार गोदामात उघडायचं. निर्मात्यांनी कट म्हटलं नाही, कारण त्यांनी नुकताच मोबाइल घेतला होता आणि ते मोबाइलवर होते. बोलणं संपवून त्यांनी विचारलं, हो गया? कॅमेरामन म्हणाला, हो गया. जेवणाची सुट्टी झाली होती, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

एडिटिंगमध्ये त्यावर बासरी टाकली आणि तो भाग दाखवला गेला. पुढच्या आठवड्यात वाहिनीच्या ऑफिसात पत्रांची पोती आली. बायकांनी लिहिलं होतं की आमचे वडील असेच होते. एका बाईंनी लिहिलं होतं की त्या दिवशी त्यांच्या यजमानांनी टीव्हीसमोर बसून जेवण अर्धं टाकलं. निर्माते मला म्हणाले, "क्या सीन निकाला तुमने।" त्यांना खरंच आठवत नव्हतं की तिथे भाषण होतं.

लेखकांची एक संस्था होती. ती दरवर्षी सिनेमा आणि टीव्हीच्या पटकथांना बक्षिसं द्यायची. बक्षीस म्हणजे एक शाल, एक जड चौकोनी वस्तू आणि स्टेजवर बसलेल्या लोकांची भाषणं. पण वाहिन्यांमध्ये त्याला मान होता. निर्मात्यांनी आमचा तो भाग पाठवायचं ठरवलं आणि मला सांगितलं की दादाजींची तीर्थयात्रा बक्षीस लागेपर्यंत थांबवलीय. लागलं तर वाहिनी म्हाताऱ्याला सोडणार नाही. नाही लागलं तर चार धाम. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागही धड आला नाही. म्हणजे काकांच्या दारात गाडी येणार की नाही, ते आता परीक्षकांवर होतं.

अडचण एकच होती. संस्थेचा नियम असा होता की परीक्षक चित्रफीत बघणार नाहीत, फक्त कागद वाचतील. पटकथेचं बक्षीस आहे, नटाचं नाही, असं त्यांचं म्हणणं. भागाच्या पूर्ण पटकथेच्या टाइप केलेल्या तीन प्रती हव्यात. आणि आमच्या भागाची पटकथा समोशांबरोबर गेलेली होती.

निर्मात्यांनी मला व्हिडिओ कॅसेट दिली आणि म्हणाले, देखके लिख दो.

एका रविवारी मी आणि नवरा टीव्हीसमोर बसलो. त्याच्या हातात रिमोट, माझ्या हातात पेन. तो सीन थांबवायचा, मी लिहायची, तो पुढे सरकवायचा. मधे वीज गेली तेव्हा आम्ही पोहे केले. मला हे सगळं फारच खोटं वाटत होतं आणि मी तसं म्हटलं. नवरा म्हणाला, यात खोटं काय आहे, आमच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन नेहमी सगळं झाल्यावरच करतात. परदेशातले लोक येऊन ते बघतात आणि म्हणतात, बिल्कुल ठरवल्याप्रमाणे केलंत. हे ऐकून मला हुरूप आला. मग मी जाता जाता एका सुनेचं वाक्य सुधारलं, वाईट नणंदेला एक जरा बरं कारण दिलं, आणि वकिलांपैकी एकाला काढूनच टाकलं.

मग तो सीन आला. नवऱ्यानं विचारलं, इथे काय लिहिणार? मी म्हटलं, परत लाव. त्यानं परत लावला. मी पुन्हा लाव म्हटलं. टीव्हीवर बासरीसकट बघताना आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की दादाजींना घराचं दुःख झालंय. बासरीचा आवाज बंद करून, पडद्याजवळ बसून बघितल्यावर मला दिसलं की त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ते भिंतींकडे बघत होते कारण हे कुठलं घर आहे ते त्यांना कळत नव्हतं. आणि त्या भीतीत त्यांना एकच ओळखीची गोष्ट दिसली, एका मुलाच्या शर्टाचं उघडं बटण, म्हणून त्यांनी ते लावलं. नवऱ्यानं चित्र थांबवलं होतं. मग मी जे दिसलं ते लिहिलं. दादाजी तोंड उघडतात. बोलत नाहीत. घर पहिल्यांदा बघावं तसं बघतात. मुलाचं बटण लावतात. चुकीच्या दारानं जातात. चुकीच्या हा शब्द खोडावा की ठेवावा यावर थोडा वाद झाला. ठेवला.

कार्यक्रम हिवाळ्यात झाला, कोपर्निकस मार्गाच्या बाजूला एका हॉलमध्ये. धुकं इतकं होतं की मुख्य पाहुणे उशिरा आले, आणि ते येईपर्यंत दिवा लावता येईना, आणि दिवा लावल्याशिवाय कुणाला काही बोलता येईना. निर्माते पहिल्या रांगेत वाहिनीच्या साहेबांशेजारी बसले होते. आम्ही दुसऱ्या रांगेत, नवरा आणि मी. आमच्या शेजारी काका बंद गळ्याचा कोट घालून, आणि त्यांच्या पलीकडे काकू. काकूंनी जवळच्याच, आपल्या राज्याच्या अतिथिगृहातल्या कँटीनमध्ये काकांना आधीच जेवू घातलं होतं, कारण समारंभात जेवण कधी मिळेल याचा नेम नसतो. काका खुशीत होते. हे कुणाचं लग्न आहे, असं त्यांनी मला एकदा हळूच विचारलं. मी म्हटलं, मुलीकडचे आपणच. ते म्हणाले, मग पुढे बसायला हवं होतं.

सिनेमांची बक्षिसं आधी झाली. ती घेणारे लोक स्टेजवर जाऊन सांगत होते की लेखकाला या देशात किंमत नाही. मग टीव्हीची पाळी आली आणि माझं नाव घेतलं. मी वर गेले. शाल खांद्यावर टाकली, ती एका बाजूनं घसरली. परीक्षकांचे अध्यक्ष एक वयस्कर साहित्यिक होते. त्यांनी माइक हातात घेऊन त्या एका सीनबद्दल बराच वेळ सांगितलं. म्हणाले की टीव्हीवर सगळे बडबडतात, आणि इथे एका लेखिकेनं आपल्या सर्वांत महत्त्वाच्या पात्राला गप्प ठेवलंय. मग ते माझ्याकडे वळले. "बताइए, भाषण का इतना बड़ा मौका छोड़कर चुप्पी लिखने की हिम्मत कहाँ से आई?" आणि माइक माझ्या हातात दिला.

मला खोटं बोलणाऱ्यांची चीड आहे. स्टेजवर खोटं बोलणाऱ्यांची तर जास्तच. नुकतेच तिथे चौघंपाचजण बोलून गेले होते आणि मी नवऱ्याच्या कानात प्रत्येकाला काहीतरी म्हटलं होतं. समोर निर्माते, त्यांच्याशेजारी वाहिनीचे साहेब, मागे काका. काका ताठ बसून माझ्याकडे बघत होते. काकू खाली बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ऐकून लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या, लेखिका किती प्रामाणिक म्हणून. आणि काका तिथल्या तिथे संपले असते.

मी म्हटलं की हा सीन मी दादाजींसाठीच लिहिला. गप्प राहणं लिहायला भाषणापेक्षा अवघड असतं, मला तो पुन्हा पुन्हा लिहावा लागला. दुसरा कुठलाही नट हे करू शकला नसता. यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि पुन्हा पुन्हा लिहिलं हेही एका अर्थी खरं होतं. रिमोट किती वेळा दाबला याला नवरा साक्षी आहे. टाळ्या झाल्या. वाहिनीचे साहेब निर्मात्यांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि निर्मात्यांनी मान हलवली. मी ती मान बघितली आणि खाली उतरले.

नंतर चहा आणि भजी होती. काका माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळे त्यांचं अभिनंदन करत होते आणि ते सगळ्यांचे आभार मानत होते, व्यवस्थित, जुन्या पद्धतीनं. मग मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "चांगलं लिहिलं होतंस. पण पाठ करायला मला फार जड गेलं गं. पुढच्या वेळी असं काही असेल तर पान आदल्या दिवशी पाठवत जा." मी काकूंकडे बघितलं. काकूंनी प्लेट माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, भजी घे, गार होतील.

तीर्थयात्रेला मधल्या मुलाला पाठवलं. तो जेमतेम तिशीचा होता आणि त्याला दोन लहान मुलं होती, पण प्रेक्षकांनी काही विचारलं नाही. निर्मात्यांनी येऊन सांगितलं की हफ्ते में एक खामोशी चाहिए, चैनल वालों का हुकुम है. आणि मी दर आठवड्याला एक खामोशी लिहायला लागले. खरोखर आधी लिहायची. आमच्या मालिकेत शूटिंगच्या आदल्या दिवशी लिहिलेलं पान ही नवीनच गोष्ट होती. दादाजी खुर्चीतून उठतात. चष्मा पुसतात. खिडकीपाशी जातात. नातवाचा चेंडू उचलून त्याच्या हातात देतात. ड्रायव्हर आदल्या दिवशी पान घेऊन पटपडगंजला जायचा, काकू ते वाचून दाखवायच्या आणि काका हॉलमध्ये तालीम करायचे. बोलायचं काही नसल्यामुळे चुकायचं काही नव्हतं. ते पुष्कळ बरे दिसायला लागले. वर्तमानपत्रात त्यांच्यावर एक छोटा लेखही आला. त्यात त्यांच्या संयत अभिनयाबद्दल लिहिलं होतं. मला त्या काळात माझ्या कामाचा अभिमान वाटायचा, जो बक्षीस घेताना मुळीच वाटला नव्हता.

मग एका शनिवारी काकूंचा फोन आला. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग नवऱ्याच्या. मग म्हणाल्या की एक मागायचं होतं, पण तुला वेळ असेल तरच. शूटिंग असतं त्या दिवशी सगळं नीट चालतं, पण रविवारी काकांना काय करायचं ते कळत नाही. ते सकाळपासून दारात उभे राहतात आणि विचारतात, आज दादाजींचं काय आहे? काकूंनी सांगितलं तर ऐकत नाहीत. कागदावर असेल ते मात्र करतात. "तर रविवारचं एक पान लिहून देशील का? साधंच लिही. दादाजी उठतात, अंघोळ करतात, जेवतात. असं."

मी लगेच लिहायला बसले. ती माझी सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेली पटकथा होती. दादाजी उठतात. दात घासतात. देवाला नमस्कार करतात. धोबी येतो, त्याला कपडे देतात. मराठीत लिहिलं, पण काका न म्हणता दादाजीच म्हटलं, कारण कागदावर दादाजी असले तरच त्यांना ते आपलं वाटायचं. लिहून झाल्यावर मी काकूंना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यात माझ्यासाठी एक ओळ घालशील? त्यांनी मला नावानं हाक मारावी. एकदाच."

मी घातली. जेवण झाल्यावर दादाजी आपल्या पत्नीला नावानं हाक मारतात. पान ड्रायव्हरबरोबर पाठवलं. गाडी गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं की हाक मारायची ते नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. लिहिता आलंच नसतं. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचं खात होते आणि काकूंचं नाव मला माहीत नव्हतं.

सोमवारी काकूंनी फोन केला. म्हणाल्या, सगळं पानाप्रमाणे झालं. धोब्याला कपडे दिले, पोटभर जेवले.

मी विचारलं, आणि हाक?

"मारली ना," काकू म्हणाल्या. "मालिकेतल्या आजीच्या नावानं मारली. मी ओ दिली."